पाठकोऱ्या कागदांवरची रीडिंगं

आमच्या घरात दोन बायका याद्या करतात. मी कामांच्या, सासूबाई सामानाच्या. तेवीस वर्षं एकाच ओट्याशी वावरूनही या दोन याद्यांचा एकमेकींशी कधी संबंध आला नव्हता. तो आला तेव्हा माझं एम.एस्सी.चं एक वर्ष पणाला लागलं.

माझी पद्धत आधी सांगते, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातूनच झाला. एका दिवसाला एक कागद. डावीकडे काम, उजवीकडे वेळ. काम झालं की त्यावर आडवी रेघ. सगळी कामं झाली की पूर्ण पानावर एक तिरपी रेघ मारायची आणि कागद टोपलीत टाकायचा. संपलेली यादी टेबलावर राहू द्यायची नाही, नाहीतर दुसऱ्या दिवशी माणूस झालेलंच काम पुन्हा करत बसतो. हे मला सासऱ्यांनी शिकवलं.

सासऱ्यांचा डोंबिवली एमआयडीसीत पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना. लग्न होऊन मी ठाकुर्लीला आले तेव्हा बी.कॉम. झालेली होते. बारावीला सायन्स होतं आणि फिजिक्स आवडतही होतं, पण माहेरी सगळ्यांचं मत पडलं की बी.कॉम. केलं की मुलगी लवकर कामाला लागते. ते मत खरं ठरलं. लग्नानंतर पंधराव्या दिवशी सासरे म्हणाले, "घरात बसून काय करणार आहेस? डबा भर आणि चल." मी गेले ते एकवीस वर्षं जात राहिले. ऑर्डरी, माल, माणसं, ट्रक, गिऱ्हाइकांची नाराजी, सगळं अंगवळणी पडलं. सासरे गेल्यावर मी आणि नवऱ्याने मिळून तो चालवला.

फिजिक्स परत आलं ते एका गिऱ्हाइकामुळे. दर पावसाळ्यात आमची खोकी दबायची. गोदामात एकावर एक रचली की खालचे थर बसायचे. एरवी तोच पुठ्ठा, तोच गोंद, आणि भार व्यवस्थित पेलायची. गिऱ्हाइकाने विचारलं, "ताई, पावसाळ्यात नक्की होतं काय?" मी म्हटलं, "हवामान." त्याचं समाधान झालं, माझं झालं नाही. हवामान म्हणजे काय? हवेतलं पाणी कागदात शिरतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण शिरून ते कुठे बसतं? बाहेर पडताना सगळं बाहेर पडतं का? मी त्या दिवसाच्या यादीत लिहिलं, 'कागद आणि पाणी, माहिती काढणे'. त्या कामावर आडवी रेघ मारायला मला आठ वर्षं लागली.

मधल्या वर्षांचं थोडक्यात सांगते. चाळिशीत कल्याणच्या एका कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं. सकाळी कॉलेज, दुपारी कारखाना. वर्गातली मुलं पहिल्या दिवशी मला बघून उठून उभी राहिली, त्यांना वाटलं नवीन मॅडम आल्या. दुसऱ्या आठवड्यात "काकू, जर्नल द्या ना" सुरू झालं. पुढे ठाण्यात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला तेव्हा नवऱ्याशी साधा व्यवहार ठरला. दोन वर्षं कारखाना तो एकटा बघेल, तिसऱ्या जूनला मी परत कामावर.

"दोन म्हणजे दोनच हं," तो म्हणाला. "नापास झालीस तरी जूनमध्ये तू ट्रकवाल्यांशी भांडायला हजर पाहिजेस. मला ते जमत नाही."

त्याला ते खरंच जमत नाही. दोन वर्षांत त्याचे केस माझ्यापेक्षा जास्त पिकले. त्यामुळे तिसरं वर्ष मागायची सोय नव्हती.

दुसऱ्या वर्षी प्रोजेक्ट असतो. मी विषय घेतला तोच, कागद आणि पाणी. आमच्याच कारखान्यातला तपकिरी कागद दोन पत्र्यांच्या मध्ये ठेवायचा आणि त्या जोडीत किती विद्युतभार मावतो ते मोजायचं. कागदात पाणी जास्त, तर आकडा मोठा. हवेतला ओलावा हवा तेवढा ठेवायला घट्ट झाकणाच्या पाच बरण्या घेतल्या. प्रत्येकीत वेगवेगळ्या क्षाराचं दाट पाणी. प्रत्येक क्षार आपल्या बरणीतल्या हवेत ठरावीकच ओलावा टिकवून धरतो. चौथ्या बरणीत आपलं साधं खायचं मीठ होतं. हे सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मग यात नवीन काय? लोणच्याच्या बरणीत मिठाचा हात आखडला की काय होतं ते मला विचार." त्यांना मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं आता वाटतं.

कागद एकेक दिवस एकेका बरणीत ठेवायचा. आधी सगळ्यात कोरड्या बरणीपासून सगळ्यात ओल्या बरणीपर्यंत चढत जायचं, मग त्याच बरण्यांतून उलट उतरत यायचं. चढताना पाच दिवस, उतरताना चार. रोज दहा रीडिंग, रोज एक कागद. नऊ दिवसांचे नऊ कागद झाले. मोजायचं यंत्र आमच्या विभागाचं नव्हतं, दुसऱ्या एका संस्थेने तीन आठवड्यांसाठी दिलं होतं. वेळेत काम संपवलं, यंत्र पुसून परत पाठवलं, पावती फाइल केली. मी स्वतःवर खूश होते.

माझ्या गाइड मॅडम माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. त्या मला मॅडम म्हणायच्या आणि मी त्यांना. विभागातला शिपाई एकदा वैतागून म्हणाला होता, "चहा कुठल्या मॅडमना देऊ ते तरी सांगा." घोडबंदर रोडला राहायच्या, स्वतः गाडी चालवत यायच्या, आणि ट्रॅफिकमध्ये अडकल्या की मला व्हॉइस मेसेज पाठवायच्या. मागे हॉर्न वाजत असायचे. माझ्या निम्म्या प्रोजेक्टचं मार्गदर्शन एकाच पुलाखाली झालेलं आहे.

प्रोजेक्ट द्यायला आठ दिवस उरले होते. मी त्यांना प्रकरण तिसरं दाखवलं. स्वच्छ तक्ता, स्वच्छ आलेख, पाच बरण्या, पाच ठिपके, त्यातून जाणारी एक सुरेख रेघ.

त्यांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "मॅडम, छान आहे. पण ही चढतानाची आहेत की उतरतानाची?"

"दोन्ही," मी म्हटलं. "सरासरी काढली."

"का?"

"उतरताना आकडे थोडे जास्त येत होते. जुळत नव्हते. म्हणून मधले घेतले."

एकवीस वर्षं मी हेच केलं होतं. आमचा काटा एक वजन सांगतो, गिऱ्हाइकाचा काटा दुसरं, मग मधलं धरायचं, चहा घ्यायचा, विषय बंद. दोन आकडे जुळत नाहीत म्हणजे कुणाचं तरी चुकलंय, आणि कोणाचं हे खणत बसण्यापेक्षा मधला आकडा बरा, याला आमच्याकडे समजूतदारपणा म्हणतात.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मॅडम, ते जुळत नाहीत हाच तर तुमचा रिझल्ट आहे. कागद पाणी घेताना एका वाटेने जातो आणि सोडताना दुसऱ्या वाटेने. बरणी तीच, ओलावा तोच, पण आधी ओला होऊन आलेला कागद जास्त पाणी धरून ठेवतो. याला हिस्टेरेसिस म्हणतात. तुम्ही सरासरी काढलीत आणि दोघांचंही म्हणणं पुसून टाकलंत."

आठ वर्षांपूर्वी मी कागदावर लिहिलेला प्रश्न हाच होता. बाहेर पडताना सगळं बाहेर पडतं का? उत्तर माझ्या हातात आलं होतं आणि मी ते मधलं धरून मिटवलं होतं.

"काही हरकत नाही," त्या म्हणाल्या. "मूळ रीडिंगं घेऊन या. नवीन आलेख काढायला दोन दिवस पुरतात."

"मूळ म्हणजे..."

"तुमचे ते रोजचे कागद."

ते कागद मी फेअर तक्ता केला त्याच दिवशी तिरपी रेघ मारून टोपलीत टाकले होते. घरच्या टोपलीत. तीन आठवड्यांपूर्वी.

हे मी त्यांना सांगितलं. त्या एकदा छताकडे बघून म्हणाल्या, "यंत्र तर गेलं." मग हळूच, "मॅडम, मूळ रीडिंगांशिवाय मी सही करू शकणार नाही. म्हणजे मला करायची आहे, पण नाही करता येणार. मग पुढच्या वर्षी."

पुढचं वर्ष माझ्याकडे नव्हतं, ते मी नवऱ्याला देऊन बसले होते. एक गोष्ट इथे लिहून टाकते. खोपटच्या बसस्टॉपवर उभी असताना माझ्या मनात आलं की चढतानाचे आकडे साधारण आठवतात, उतरतानाचे थोडे जास्त होते, घरी बसून नऊ कागद परत लिहिले तर कोणाला कळणार आहे? शाई तीच, अक्षर तेच. हा विचार बस येईपर्यंत टिकला. मॅडम 'करायची आहे' म्हणाल्या होत्या, ते आठवलं आणि स्वतःचीच लाज वाटली.

घरी आले. सासूबाई पंख्याखाली मेथी निवडत होत्या. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "काय गं, कोणी बोललं?"

मी सगळं सांगितलं. कोणाला तरी सांगायचं म्हणून सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण हात थांबले होते.

"त्या कागदांवर इंग्रजी आकड्यांच्या ओळी होत्या? आणि वरून तिरपी रेघ?"

"हो. तुम्हाला कसं माहीत?"

"अगं, ते मीच काढून घेतले टोपलीतून. पाठकोरे होते."

इथे सासूबाईंची पद्धत सांगायला हवी. त्यांनी आयुष्यात कोऱ्या कागदावर यादी केलेली नाही. एका बाजूने कोरा असलेला कागद टाकायचा नाही, हा त्या घरातला जुना नियम. पूर्वी कारखान्यातून रद्द झालेल्या चलनांचे गठ्ठे यायचे, त्यांच्या मागे पन्नास वर्षं किराणा लिहिला गेला. कॉम्प्युटर आल्यावर चलनं बंद झाली आणि त्यांचा पुरवठा आटला. मी एकदा त्यांना छानसं पॅड आणून दिलं होतं. ते कपाटात जपून ठेवलंय. "साबुदाण्यासाठी कोरा कागद कशाला नासायचा?" मग मी एम.एस्सी. करायला लागले आणि त्यांच्या दृष्टीने परत सुगी आली.

"कुठे आहेत?" मी उभी राहिले.

"अगं, सगळे कसे असतील? वापरले की!"

ओट्याच्या बाजूला खिळ्याला एक जुनी चिमट्याची क्लिप आहे. तिथे तीन सापडले, अजून न लिहिलेले. मी ते तिथेच उलटून बघितले. एक चढतानाचा, दोन उतरतानाचे. मसाल्याच्या डब्याखाली हळदीने पिवळा झालेला चौथा. वरच्या मजल्यावरच्या शेजारणीला सासूबाईंनी अळूच्या फतफत्याची कृती लिहून दिली होती, तो पाचवा. शेजारीण म्हणाली, "घेऊन जा, पण आधी मला फोटो काढू दे, चिंच किती ते लक्षात राहत नाही."

बाकीचे चार वाण्याकडे गेलेले.

आम्ही दोघी गेलो. मी एकटी जाणार होते, पण सासूबाईंनी चपला घातल्या. रस्त्यात दोनदा म्हणाल्या, "मी तुला विचारायला हवं होतं." मी दोनदा म्हटलं, "मी टाकलेच होते ना आई." मग दुकान आलं.

वाण्याच्या गल्ल्यामागे एक उभी तार आहे. यादीतलं सामान भरून झालं की तो कागद तारेला टोचतो. महिना संपला की तार रिकामी करतो. महिना संपायला चार दिवस होते.

"भाभी, काय झालं? सामान कमी आलं?"

"नाही हो, आईंच्या याद्या परत पाहिजेत."

"याद्या?" तो सासूबाईंकडे बघून आपल्या गुजराती वळणाने म्हणाला, "बा, हिशेबात भूल झाली माझी?"

"तुझी नाही रे," सासूबाई म्हणाल्या. "यादीच्या मागे हिची परीक्षा आहे."

त्याला काही कळलं नाही, पण त्याने तार काढून काउंटरवर उपडी केली. सगळ्या दुकानाच्या याद्या आमच्यासमोर. सासूबाईंनी चष्मा चढवला आणि आपलं अक्षर शोधायला लागल्या. त्या पुढून बघत होत्या, मी मागून. "तूरडाळ, पोहे जाड, कापूर... ही माझी." मी उलटून बघायची. "हो! पहिली बरणी, चढताना." दुकानात आलेली दोन गिऱ्हाइकं काही न घेता उभी राहून बघत होती. तीन कागद मिळाले. प्रत्येकाच्या मधोमध तारेचं भोक. एकाचं भोक नेमकं सातव्या रीडिंगच्या पोटातून गेलं होतं, पण आकडा वाचता येत होता.

नववा नव्हता. मिठाच्या बरणीचा, उतरतानाचा.

वाण्याने पोत्यांमागे बघितलं, रद्दीत बघितलं. सासूबाई काउंटरवरच्या याद्या पुन्हा पहिल्यापासून लावायला लागल्या. शेवटी मीच म्हटलं, "चला आई."

घरी आठ कागद जेवणाच्या टेबलावर क्रमाने मांडले. आणि मग माझ्यातली बी.कॉम. उपयोगी पडली. मिठाच्या बरणीचा चढतानाचा कागद माझ्याकडे होता. दोन्हींची सरासरी फेअर तक्त्यात होती. सरासरीची दुप्पट करायची, त्यातून चढतानाचा आकडा वजा करायचा, राहिला तो उतरतानाचा. शाळेतलं गणित. मी नवऱ्याला ओरडून सांगितलं, "सापडला!" तो धावत आला आणि टेबलाखाली बघायला लागला.

दुसऱ्या दिवशी मॅडमसमोर आठ कागद ठेवले. त्यांनी एकेक हातात घेतला, पुढून पाहिला, मागून पाहिला. "मोहरी पाव किलो, साबण दोन..." त्यांना हसू आवरेना, मग मलाही. माझं नववं गणित त्यांनी तपासलं आणि मान डोलावली.

"बरोबर आहे. पण हे रीडिंग नाही, मॅडम. हा हिशेब आहे. आठ ठिपके भरीव काढा. नववा पोकळ गोल. आणि खाली लिहा, का ते."

"कागद वाण्याकडे गेला असं लिहू?"

"मूळ नोंद उपलब्ध नाही, असं लिहा," त्या म्हणाल्या आणि थांबून, "पण तोंडी परीक्षेत विचारलं तर खरं सांगा."

मी नवीन आलेख काढला. एकाच्या जागी दोन रेघा आल्या. खाली एकत्र, वर एकत्र, मधे फाकलेल्या, तांदळाच्या दाण्याच्या आकाराच्या. मी तो बराच वेळ बघत बसले. पावसाळ्यात दबलेलं खोकं ऊन पडल्यावर पहिल्यासारखं का होत नाही, याच्या उत्तराची सुरुवात त्या फटीत होती. सगळं उत्तर नाही. पण आठ वर्षांपूर्वीच्या त्या कामावर मी आडवी रेघ मारली.

आठ दिवसांपैकी सातव्या दिवशी सही झाली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते. पानं उलटत आलेखापाशी आले आणि पेन्सिलीचं टोक त्या पोकळ गोलावर ठेवलं. "हा असा का?"

मी मॅडमकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मी सगळं सांगितलं. टोपली, तिरपी रेघ, पाठकोरे कागद, वाण्याची तार. परीक्षक ऐकून घेईपर्यंत गंभीर होते. मग म्हणाले, "आमची आई कॅलेंडरच्या मागे लिहायची," आणि पुढचं पान उलटलं. पुढचे प्रश्न अवघड होते, दोन आले नाहीत. पास झाले.

जूनमध्ये ठरल्याप्रमाणे कारखान्यात हजर झाले. पहिल्याच दिवशी नवऱ्याने फोन माझ्या हातात दिला. "ट्रकवाला आहे. बोल." पीएच.डी.च्या प्रवेशपरीक्षेचा विषय मी अजून त्याच्याकडे काढलेला नाही. यादीत आहे. त्याला कुणकुण लागली असावी, कारण हल्ली तो ट्रकवाल्यांशी स्वतःहून बोलून बघतो.

प्रोजेक्टच्या कच्च्या प्रतींचा गठ्ठा, चुकीच्या आलेखांसकट, मी सासूबाईंना देऊन टाकला. एका बाजूने कोरा, चांगल्या कागदाचा. त्यांना सणासारखं झालं. आता त्यांच्या याद्या प्रकरणवार बाहेर पडतात. परवा वाण्याने मला विचारलं, "भाभी, ते कागद दुसऱ्या वाटेने उतरतो म्हणे, ते कसं?" मी काउंटरवर दहा मिनिटं उभी राहून त्याला समजावलं. नववा कागद अजून सापडलेला नाही. सासूबाई डबा घासायला काढला की त्याच्या खालीही बघतात.

एक बदल मात्र झाला. यादी लिहायच्या आधी त्या आता कागद उलटा करून माझ्यासमोर धरतात.

"बघ गं. हे लागणार आहे का?"

"नाही आई, घ्या."

"न बघता सांगू नकोस."

मग मी हातातलं काम ठेवते, चष्मा लावते आणि कागद वरपासून खालपर्यंत वाचते.